मिनिटांचा हिशेब

जेरी साइनफेल्ड बोलता बोलता थांबतो. पुढचं वाक्य त्याला आठवत नाही. 'कॉमेडियन' या २००२ सालच्या माहितीपटातला हा प्रसंग फार लांबही नाही. छोटासा क्लब, हातात माइक, समोर अंधारात टेबलांना खेटून बसलेली माणसं, आणि अमेरिकेतला त्या काळचा सर्वांत यशस्वी विनोदवीर हरवलेलं वाक्य शोधतोय. प्रेक्षकांतली एक बाई विचारते, तुझा हा पहिलाच कार्यक्रम का? सगळे हसतात. तोही हसतो. हशा दणदणीत असतो, फक्त तो त्याच्या खात्यात जमा होत नाही.

विसरण्याचं नवल नाही. मुरलेले नटही विसरतात. विंगेतून शब्द मिळतो, समोरचा नट सांभाळून घेतो, प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. इथे मात्र विंग नाही, समोरचा नट नाही, आणि मुळात पाठ करायला होतं तरी किती? काही वर्षांपूर्वी, १४ मे १९९८ला, ज्याच्या 'साइनफेल्ड' या टीव्ही मालिकेचा शेवटचा भाग साडेसात कोटींहून जास्त लोकांनी पाहिला, त्या माणसाच्या खिशात त्या रात्री जेमतेम काही मिनिटांचा ऐवज होता. तोही त्याला धड सांभाळता येत नव्हता. हे चित्र बघून सुटका होत नाही. थोडं बरं वाटतं, कारण एवढा मोठा माणूसही अडतो. आणि थोडी भीती वाटते, कारण मोठेपणाचा तिथे काडीचाही उपयोग होत नाही.

त्यानं हे स्वतःवर ओढवून घेतलं होतं. मालिका संपल्यावर त्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडहर्स्ट थिएटरात त्यानं आपले जुने विनोद शेवटचे एकदा सांगितले, एचबीओ वाहिनीनं ते थेट दाखवले. कार्यक्रमाच्या सुरुवातीला तर त्या विनोदांचा दफनविधीही करून टाकला होता. १९७६पासून जमवलेली पुंजी एका रात्रीत मोडीत काढली. मराठी रसिकाला यातला वेडेपणा चटकन कळणार नाही, कारण आपली सवय नेमकी उलटी आहे. 'बटाट्याची चाळ' किंवा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' बघायला जाणारा प्रेक्षक पुढचं वाक्य माहीत असूनच खुर्चीत बसायचा. वाक्य जवळ आलं की शेजारच्याला कोपर मारायचा. पाठ असणं हा त्या आनंदाचाच भाग. एकपात्री प्रयोगाला संहिता असते, पात्रं असतात, सूर असतो. त्यात पुन्हा पुन्हा रमता येतं. स्टँडअपमध्ये माणूस 'परवा काय झालं माहितीये का' असं म्हणत तुमच्याशी बोलत असतो. ते परवाचं तुम्ही आधीच ऐकलेलं असेल, तर तो बोलत नाही, पाठ म्हणतोय हे उघडं पडतं. हशा तिथेच संपतो.

म्हणून नवं मिनिट. सगळा धंदा या एका एककावर चालतो. विनोदवीर एकमेकांना भेटले की 'काय नवीन' असं विचारत नाहीत, 'किती झालं' असं विचारतात. उत्तर मिनिटांत असतं. ओपन माइकला, म्हणजे कुणीही येऊन बोलावं अशा खुल्या मंचावर, तीन ते पाच मिनिटं मिळतात, क्लबमधल्या नेहमीच्या स्पॉटला पंधरा-वीस, आणि ज्याच्या नावावर तिकिटं विकली जातात त्याला पाऊण तास ते तास. तासाभराचा शो उभा करायला वर्ष-दीड वर्ष लागलं तर कुणी भुवया उंचावत नाही. पाच मिनिटांचं पंधरा करणं अवघड. पंधराचं तीस करताना बरेच जण अडकतात, कारण पहिली पंधरा मिनिटं माणसाच्या आजवरच्या आयुष्यातून आलेली असतात. आई, बाबा, शाळा, गाव, पहिली नोकरी. पुढच्या पंधरा मिनिटांसाठी खरोखर विचार करावा लागतो.

आता विसरण्याचं कारण. जुना, बसलेला विनोद विनोदवीराच्या डोक्यात शब्दांच्या ओळीनं राहत नाही, हशांच्या ओळीनं राहतो. हा हशा आला की पुढचं वाक्य आपोआप तोंडात येतं. नव्या मटेरियलमध्ये हशा कुठे येणार हे अजून ठरलेलं नसतं. जिथे येईल असं वाटलं तिथे शांतता येते, आणि ज्या खुंटीवर पुढचं वाक्य टांगलं होतं ती खुंटीच गायब होते. त्यात डोकं एकाच वेळी दोन कामं करत असतं: एक भाग बोलतोय, दुसरा 'हे का चाललं नाही' याचा तपास करतोय. तपास करणारा भाग जिंकला की बोलणारा गप्प होतो. यावर उपाय म्हणून स्टुलावर पाण्याच्या बाटलीशेजारी कागद ठेवतात. त्यावर वाक्यं लिहिलेली नसतात, प्रत्येक विषयाचा एकेकच शब्द असतो, तोही मोठ्या अक्षरात, कारण डोळ्यावर लाइट असताना बारीक अक्षर दिसत नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं तो शब्द बघायचा. सेटच्या, म्हणजे स्टेजवरच्या सलग बोलण्याच्या, मध्ये कुणी विनाकारण पाणी प्यायलं तर समजावं.

साइनफेल्ड पिवळ्या कागदांच्या पॅडवर हातानं लिहितो, हे आता जगजाहीर आहे. पण लिहिणं हा कामाचा लहान भाग. खरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतं. रात्रीचा सेट फोनवर रेकॉर्ड केलेला असतो, तो कानाला लावून ऐकायचा. स्वतःचा आवाज, स्वतःचं 'म्हणजे', 'तर', 'काय झालं की', आणि त्यानंतरची शांतता. हे ऐकणं शिक्षाच असते. प्रत्येक ओळीपुढे खूण करायची: मोठा हशा, बारीक हशा, काही नाही. 'काही नाही' आलं म्हणून ओळ लगेच काढायची नसते. आधी क्रम बदलून बघायचा, मग अर्धे शब्द काढून, मग वेग बदलून. तीन वेगवेगळ्या खोल्यांत पडली तरच ओळ मेली असं धरतात. एकाच रात्रीच्या निकालावर विश्वास ठेवणारे नवखे चांगले विनोद फेकून देतात आणि एखाद्या मित्रमंडळींनी भरलेल्या खोलीत गाजलेली वाईट ओळ वर्षभर सांभाळतात.

मराठीत या दुरुस्तीला आणखी एक अडचण आहे. हसवणारा शब्द वाक्याच्या अगदी शेवटी यावा लागतो. त्यानंतर एक अक्षरही बोलू नये, कारण ते हशाच्या अंगावर पडतं. आपलं क्रियापद नेमकं शेवटी येऊन बसतं. 'सोसायटीच्या मीटिंगला अध्यक्ष लुंगी नेसून आले होते.' लुंगीवर लोक हसायला लागतात तोवर 'नेसून आले होते' येतं आणि हसणारे दबतात. पुढचं ऐकायला पाहिजे म्हणून आपणहोऊन गप्प बसतात. आता हेच: 'सोसायटीच्या मीटिंगला अध्यक्ष आले. लुंगीत.' मधे श्वासभर जागा. शब्द जवळपास तेच, हशा दुप्पट. बोलभाषेत ही उलटापालट चालून जाते, म्हणूनच चांगले मराठी विनोदवीर लिहून काढलेलं जसंच्या तसं म्हणत नाहीत. लेखी भाषेचा वास आला की पंच बोथट झालाच म्हणून समजा.

माहितीपटात यातलं बरंचसं दिसतं, पण पूर्ण विनोद फारच थोडे दिसतात. पहिल्यांदा बघणारे याच्यावर वैतागतात. विनोदवीरावरचा सिनेमा आणि हसायला येत नाही! कॅमेरा स्टेजवर जाण्याआधीच्या अरुंद जिन्यात असतो, उतरल्यानंतरच्या टेबलावर असतो. मला हेच त्याचं शहाणपण वाटतं. अर्धाकच्चा विनोद पडद्यावर दाखवला तर तो जळून जातो. पूर्ण पिकलेला दाखवला तर मग ते कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं, माहितीपट कुठला. शिवाय क्लबमध्ये फुललेला हशा पडद्यावर निम्मा होतो. त्याला जितकी मानवी कारणं आहेत तितकीच तांत्रिकही.

आधी खोली बघा. न्यूयॉर्कच्या मॅकडूगल स्ट्रीटवरचा कॉमेडी सेलर १९८२पासून तळघरात आहे. छत बुटकं, मागे विटांची भिंत, टेबलं इतकी जवळ की वेटरला आडवं होऊन सरकावं लागतं. वर ऑलिव्ह ट्री कॅफे, तिथे पाटीच्या दगडाची टेबलं आणि मागच्या बाजूला विनोदवीरांचं ठरलेलं टेबल. खाली सेट करायचा, वर येऊन बाकीच्यांकडून चिरफाड करून घ्यायची. बुटक्या छताचा फायदा असा की हशा वर निसटत नाही, लगेच परत खाली येतो आणि शेजारच्याला लागतो. अंधार असल्यामुळे हसणाऱ्याला आपण कुणाला दिसत नाही याचा दिलासा असतो. माणसं दाटीवाटीनं बसलेली असली की खांद्याचं हलणं खांद्याला कळतं. यातली एक गोष्ट बिघडवा, हशा कमी होतो. हॉटेलच्या बँक्वेट हॉलमधला शो आठवा: उंच छत, लांब लांब गोल टेबलं, निम्म्या पाहुण्यांची स्टेजकडे पाठ, स्टेज आणि पहिल्या टेबलामध्ये नाचण्यासाठी सोडलेली रिकामी जागा, आणि ऐन पंचला पनीर टिक्का घेऊन आलेला वेटर. तिथे चांगल्यातला चांगला सेट पडतो आणि आयोजक म्हणतो, जरा मजा नाही आली.

आपल्या नाट्यगृहांची गोष्ट वेगळी. बालगंधर्व किंवा गडकरीसारख्या मोठ्या थिएटरात हशा एकदम येत नाही, लाटेसारखा येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शेवटची रांग तीस मीटरवर असली तर वाक्य तिथे पोहोचून हशा परत यायला सेकंदाचा जवळपास पाचवा भाग जातो. त्यात बाल्कनी मागून हसते. क्लबच्या तालावर बोलायची सवय असलेला विनोदवीर इथे पहिली दहा मिनिटं स्वतःच्याच हशावर बोलत राहतो. नाटकवाल्यांना हा पॉझ अंगात मुरलेला असतो, त्यांना कुणी शिकवावा लागत नाही.

आता यात कॅमेरा घेऊन शिरा. विनोदवीराच्या हातातला माइक, बहुतेक ठिकाणी शुअरचा एसएम५८ किंवा त्याचा भाऊ, समोरून येणारा आवाजच पकडायला बनवलेला असतो. बाजूचा आणि मागचा आवाज तो मुद्दाम टाळतो, नाहीतर स्पीकरचा आवाज परत आत शिरून शिटी वाजेल. म्हणजे मिक्सरवरून थेट आवाज घेतला तर बोलणं स्वच्छ येतं आणि प्रेक्षक शेजारच्या इमारतीत बसल्यासारखे वाटतात. मग स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत प्रेक्षकांकडे तोंड करून दोन वेगळे माइक लावायचे, स्पीकरच्या पुढे नाही, मागे; आणि ते वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे. या माइकमध्ये विनोदवीराचा आवाजही स्पीकरवरून किंचित उशिरा शिरतो. एडिटला दोन्ही ट्रॅक जुळवून घेतले नाहीत तर आवाज पिंपात बोलल्यासारखा होतो. हे सगळं करूनही एक मोह उरतो: वेगळ्या ट्रॅकवरचा हशा थोडा वर चढवण्याचा. थोडा चढवला तर कुणाला कळत नाही. जास्त चढवला तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण तो हसायचा थांबतो.

प्रकाशाचंही तेच. क्लबमध्ये एकच स्पॉट तोंडावर आणि बाकी काळोख. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर तो काळोख मोजतो आणि चेहरा पांढरा फटक करतो. म्हणून एक्सपोजर चेहऱ्यावर धरून हातानं बांधून टाकायचं. प्रेक्षक दिसावेत म्हणून लाइट वाढवले की हशा घटतो, त्यामुळे जे दिसेल त्यावर समाधान मानायचं. 'कॉमेडियन' दुकानात मिळणाऱ्या छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवर चित्रित केला आहे. दिग्दर्शक ख्रिश्चन चार्ल्स. चित्र दाणेदार आहे, रंग मळकट आहेत, कधी डोकं कापलं जातं. मोठा कॅमेरा आणि चार माणसांचं युनिट त्या जिन्यात मावलंच नसतं, आणि मावलं असतं तर टेबलावरचे विनोदवीर युनिटसाठी विनोद करत बसले असते. या जमातीचा हा मोठा दोष, की समोर कुणीही आलं तरी ते प्रेक्षक धरून चालतात. माहितीपटवाल्यांना कामाचं काही मिळतं ते शो संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात. गाडीत. अंगातला ताप उतरत असतो, नवा मुखवटा चढवायला बळ नसतं. एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट इथे रडवते: मागे वाजणारी गाणी. क्लबमध्ये किंवा गाडीत गाणं चालू असताना झालेलं संभाषण धड कापता येत नाही, कारण बोलणं जोडलं की गाणं उडी मारतं. आणि त्या गाण्याचे हक्क घ्यायचे तर बजेट कोसळतं. म्हणून शहाणा माणूस आधी रेडिओ बंद करायला सांगतो, मग कॅमेरा चालू करतो.

माहितीपटात साइनफेल्डसमोर उभा केलेला दुसरा विनोदवीर आहे ऑर्नी अ‍ॅडम्स. तिशीच्या उंबरठ्यावरचा, हुशार, मेहनती, आणि बघवत नाही इतका अस्वस्थ. तो आपले विनोद फायली करून खोक्यांत ठेवतो आणि कॅमेऱ्याला ती खोकी दाखवतो. माँट्रियलच्या 'जस्ट फॉर लाफ्स' महोत्सवात जातो, चांगला सेट करतो आणि तरी नाराज राहतो. पहिल्यांदा बघताना तो डोक्यात जातो. दुसऱ्यांदा बघताना संशय येतो की त्याला डोक्यात जाईल असा कापलाय. साइनफेल्ड अडखळतो तेव्हा कॅमेरा त्याच्यासोबत हळवा होतो. अ‍ॅडम्स अडखळतो तेव्हा कॅमेरा नुसता बघत राहतो. दोघं एकाच हिशेबात अडकलेत, पण एकाच्या पाठीशी मालिकेचे पैसे आहेत आणि दुसऱ्याच्या पाठीशी खोकी. हा फरक माहितीपट उच्चारत नाही. त्याबद्दल माझी थोडी तक्रार आहे.

डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमात अ‍ॅडम्सला संधी मिळते. टीव्हीवरचा असा सेट साधारण पाच मिनिटांचा, आणि त्यातला शब्द न् शब्द आधी मंजूर करून घ्यावा लागतो. ऐन वेळी त्याला सांगतात की ल्युपस या आजाराचं नाव काढ, सोरायसिस म्हण. तो बदलतो, सेट करतो, आणि नंतर त्याच्या डोक्यात टीव्हीवर आल्याचा आनंद कमी आणि तो बदललेला शब्द जास्त. लोकांना हा त्रागा वाटतो. ज्यानं ते वाक्य दोनशे खोल्यांत तासून घेतलंय त्याला विचारा. अक्षरं वाढली, ताल बदलला, आणि आजाराच्या गांभीर्यावर उभा असलेला धक्काही गेला.

याच अ‍ॅडम्सला साइनफेल्ड एक गोष्ट सांगतो. अ‍ॅडम्सची कुरकुर चाललेली असते की बरोबरीचे मित्र पैसे कमावतायत, घरं घेतायत, लग्नं करतायत. साइनफेल्ड त्याला ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाचा किस्सा सांगतो. कार्यक्रमाला निघालेलं विमान हवामानामुळे भलतीकडे उतरतं. सूटबूट घातलेले वादक वाद्यं उचलून बर्फाच्या चिखलातून चालत निघतात. वाटेत एक घर लागतं. खिडकीतून दिसतं की आत शेकोटी पेटलीय, नवरा-बायको-मुलं टेबलाभोवती बसून हसत जेवतायत. बाहेर ओल्या कपड्यांत कुडकुडणारा एक वादक दुसऱ्याला म्हणतो, लोक असं कसं काय जगतात?

किस्सा अप्रतिम आहे आणि सांगितलाही सुरेख आहे. तरी मला तो पूर्ण पटत नाही. कलावंताचा दौरा हा फक्त निवडलेला वनवास असतो असं त्यातून वाटतं. एसटीच्या मागच्या बाकावर झोपून तालुक्याच्या गावी प्रयोग केलेल्या माणसाला खिडकीतल्या जेवणाचा हेवा वाटलाच नाही, असं मी तरी म्हणणार नाही. दोन्ही खरं असतं: आत जावंसंही वाटतं आणि आत जाऊन बसल्यावर दहा मिनिटांत चुळबुळही सुरू होते.

हीच चुळबुळ अमेरिकी विनोदवीर जोन रिव्हर्सवरच्या 'अ पीस ऑफ वर्क' या २०१०च्या माहितीपटात नागडी होऊन समोर येते. पंचाहत्तरी गाठलेली बाई, सोन्याचा मुलामा दिलेलं घर, आणि भीती कसली, तर डायरीतल्या कोऱ्या पानांची. कोरं पान म्हणजे त्या दिवशी काम नाही. तिच्या घरात कार्डांची कपाटं आहेत, जुन्या ग्रंथालयात असायची तशी. प्रत्येक खणावर विषय, प्रत्येक कार्डावर टंकलेला विनोद. ती गेली २०१४ साली. पुढे तो संग्रह जेम्सटाउनच्या नॅशनल कॉमेडी सेंटरकडे गेला तेव्हा आकडा सांगितला गेला तो सुमारे ६५ हजार विनोदांचा. हसवण्याची रोजनिशी ठेवणाऱ्या या बाईला विस्कॉन्सिनमधल्या एका शोमध्ये प्रेक्षकांतला माणूस ओरडून टोकतो. तिनं अंध आणि बहिऱ्या हेलन केलरवरून विनोद केलेला असतो आणि त्याचा मुलगा बहिरा असतो. ती स्टेजवरून त्याच्यावर तुटून पडते. आपली आई बहिरी होती, विनोद कशासाठी असतो हे मला शिकवू नकोस, असं काहीसं. खोली तिच्या बाजूनं होते. आणि मग स्टेजवरून उतरल्यावर ती म्हणते की त्या माणसाचं वाईट वाटतं. दोन मिनिटांपूर्वीची वाघीण कुठे गेली कळत नाही. मला वाटतं हल्लेखोरी आणि कणव या दोन्ही गोष्टी तिथे खऱ्याच आहेत. दौऱ्यावरच्या माणसाला पहिली स्टेजवर लागते, दुसरीला जागा गाडीतच मिळते.

दौऱ्याचं बाकीचं वर्णन करण्यासारखं फारसं नसतं. अमेरिकेत शुक्रवारच्या शोची तिकिटं खपावीत म्हणून पहाटे सहाला स्थानिक रेडिओवर जाऊन ताजंतवानं हसायचं. आपल्याकडे गुरुवार ते रविवार विमानं आणि सोमवारी झोप. साउंड चेक पाच मिनिटांचा: एक माइक, एक स्टँड, एक स्टूल, एक बाटली. एवढ्याशा सामानातही घोळ होतोच. वायरलेसचे सेल सकाळच्या कीर्तनाला वापरलेले असतात. स्टँड सैल असतो आणि बोलता बोलता हळूहळू खाली बसतो. एसीचा घरघराट शांततेच्या नेमक्या जागी ऐकू येतो. मागच्या बाजूला लाल दिवा लागला की वेळ संपत आली असं समजायचं. पण दिवा लावणारा मुलगा खाली बसून रील्स बघत असतो.

'कॉमेडियन'च्या शेवटाकडे विनोदवीर ख्रिस रॉक साइनफेल्डला सांगतो की आधीच्या पिढीतल्या बिल कॉस्बीचा शो बघून आलो, साठी ओलांडलेला माणूस, मध्यंतर न घेता दोन तासांहून अधिक वेळ, आणि सगळा माल नवा. साइनफेल्डचा चेहरा पडतो आणि उजळतो, दोन्ही एकदम. मग तो कॉस्बीला भेटायला जातो, एखाद्या शागिर्दासारखा. २००२ साली हे दृश्य माहितीपटाचं शिखर होतं. आज ते सरळ बघता येत नाही. कित्येक स्त्रियांनी कॉस्बीवर आरोप केले, २०१८मध्ये तो लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात दोषी ठरला, २०२१मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रक्रियेच्या मुद्द्यावर तो निकाल रद्द केला. माहितीपट तोच आहे, फ्रेम तीच आहे, साइनफेल्डच्या डोळ्यांतला आदरही तोच. ते दृश्य कापून टाकावं असं मला वाटत नाही. पण तिथे पोहोचलं की हात रिमोटकडे जातो, आणि दर वेळी दाबतोच असंही नाही.

आपल्याकडे हा हिशेब आता वेगळ्याच दिशेनं गेला आहे. २०१०मध्ये लंडनच्या कॉमेडी स्टोअरची शाखा मुंबईत लोअर परळला उघडली तेव्हा इथल्या मुलांना पहिल्यांदा आठवडाभर चालणारी, फक्त याच कामासाठी बांधलेली खोली मिळाली. आता मराठीतही रीतसर स्टँडअप आहे, पुण्या-मुंबईत ट्रायल शो लागतात, तिकीट स्वस्त असतं आणि दारात फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. कारण सरळ आहे. यूट्यूबवर टाकलेलं मिनिट त्या दिवसापासून मेलं. पुढच्या गावचा प्रेक्षक ते ऐकून आलेला असतो. साइनफेल्डनं हौसेनं केलेलं दफन इथे प्रत्येकाला दर वर्षी करावं लागतं, आणि त्याच्याइतकी सवड कुणाला नाही. अल्गोरिदमला आठवड्याला काहीतरी हवं, तासाच्या शोला वर्ष हवं. म्हणून सगळ्यांच्या पानावर क्राउड वर्कच दिसतं: पहिल्या रांगेतल्या काकांना 'काय करता' विचारायचं आणि ते एलआयसीत आहेत म्हणाले की त्यावर खेळायचं. प्रेक्षकांना वाटतं पोरगा काय हजरजबाबी आहे. हजरजबाबी तो असतोही, पण मुख्य म्हणजे ती क्लिप टाकून त्याचं लिहिलेलं एकही मिनिट खर्च होत नाही. परिणाम असा झालाय की काही शोंमध्ये पहिल्या रांगेची तिकिटं सगळ्यात आधी जातात, आणि तिथले काका उत्तरं तयार करून येतात.